न्यूट्रल माझ्या हातात होता

अन्वर, काल झरीनाभाभींनी मला मारलं.

तुला मातीत ठेवून आठवडाही झाला नव्हता. भाभी इद्दतीत आहेत, बाहेरच्या पुरुषासमोर येत नाहीत, हे मला कळत होतं. तरी गेलो. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, त्या आत पडद्यामागे. तुझ्या मेहुणीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. भेटायला आलेला माणूस बोलतो तसं थोडं बोललो, औषधांचं, डॉक्टरांचं. मग ज्यासाठी गेलो होतो ते बोललो. म्हटलं, "भाभी, कोथरूडच्या त्या सोसायटीत न्यूट्रल अन्वरच्या हातून सुटला नव्हता. माझ्या हातून सुटला. मार त्यानं खाल्ला."

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. आणि मग पडदा कड्यांसकट खाली आला आणि भाभी माझ्यासमोर होत्या. पहिल्या चपराकीला चष्मा उडाला, त्यामुळे पुढचं मला नीट दिसलं नाही, नुसतं लागत गेलं. छातीवर मुठी, मानेवर मुठी. मग त्यांच्या हाताला तो तांब्या आला. भुवईच्या वर अजून टेंगूळ आहे. मेहुणी ओरडत होती, "आपा, इद्दत है! आपा, गैर मर्द है!" आणि भाभी प्रत्येक फटक्याला एकच म्हणत होत्या, "मैंने उनको बोला! जिंदगीभर मैंने उनको बोला!"

ते मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तुमच्या घरात भांडण पेटलं की भाभी शेवटी तेच काढायच्या. "लोगों के घर जलानेवाले, तुम मेरे को क्या सिखाते?" मी स्वतः ऐकलंय, तुमच्या दारात चपला काढताना. तू गप्प बसायचास. जी गोष्ट तू केलीच नव्हतीस तिच्यावरून ती तुला आयुष्यभर बोलत राहिली, आणि हे तिला कळलं कधी, तर तुझ्याशी दोन शब्द बोलायला तू उरला नाहीस तेव्हा. तुझ्याशी केलं ते मी जाणत होतो. तिच्याशी काय करतोय, हे तांब्या लागेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दमल्यावर त्या तिथेच फरशीवर बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इधर क्यों आके बोलते? जिधर झूठ बोला, उधर जाके बोलो."

जाणार आहे. पण त्याआधी तुझ्याशी बोलून घेतो. जिवंत होतास तेव्हा तू बोलू दिलं नाहीस.

आपली ओळखच मारामारीची. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच आठवड्यात तू हाक मारलीस, "ए नवीन, झेल!" आणि पंख्याचा कपॅसिटर माझ्याकडे फेकलास. मी झेलला. तू तो आधी लाईनला लावून भरून ठेवला होतास. माझा हात खांद्यापर्यंत आखडला आणि तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. सगळे हसले. मी लाकडी हातोडा उचलून तुझ्या दंडावर घातला. तू माझं डोकं टेबलावर आपटलंस. सोडवायला आपले मास्तर आले. त्यांनी दोघांच्या कानाखाली एकेक काढली आणि माझ्या कपाळावरचं रक्त पुसायच्या आधी प्रश्न विचारला, "याला लागला तो काय लागला? करंट की व्होल्टेज?"

तू म्हणालास, "करंट, सर."

मी म्हणालो, "व्होल्टेज." तू करंट म्हणालास, एवढ्याच कारणानं.

"दोघंही अर्धे मूर्ख," मास्तर म्हणाले. "चांगलं आहे. मिळून एक पूर्ण होईल."

मग फळ्याजवळ उभं करून त्यांनी जे सांगितलं तेवढ्यावर आपण दोघांनी पुढची सगळी वर्षं पोट भरलं. व्होल्टेज म्हणजे दाब, आणि तो नेहमी दोन जागांमधला. एकट्या जागेला व्होल्टेज नसतं. तारेवरची चिमणी मरत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. करंट म्हणजे त्या दाबानं जे वाहतं ते. किती वाहील? मध्ये उभा असलेला किती अडवतो त्यावर. दाबाला अडवणुकीनं भागा, आलं उत्तर. मध्ये कोरडा माणूस असेल तर झिणझिण्या येतात. घामानं भिजलेला असेल तर तेवढ्याच दाबानं तो मरतो.

ते समजलं दोघांनाही, पण भांडण काही मिटलं नाही. माणूस कशानं मरतो? तू करंट, मी व्होल्टेज. शनिवार पेठेतल्या आपल्या दुकानात, म्हणजे माझ्या मामांच्या जागेत, म्हणून पाटीवर माझं आडनाव होतं ते दुकान, तिथे गिऱ्हाईक नसलं की तू हाच विषय काढायचास. एकदा तू मेगर बाहेर काढलास, तारांचं इन्सुलेशन तपासायचं ते हँडल फिरवायचं यंत्र. दोन्ही टोकं माझ्या हातात दिलीस. "धर. पाचशे व्होल्ट आहेत. घरच्या लाईनच्या दुप्पट. तुझ्या हिशेबानं तू मरायला पाहिजेस." आणि गरागरा हँडल फिरवलंस. मी खुर्चीसकट मागे पडलो, तोंडात शिव्या, पण जिवंत. तू वरून बघत म्हणालास, "मेला नाहीस. म्हणजे व्होल्टेजनं नाही मरत. दाब आहे, पण या डबीत वाहायला काही नाही. सिद्ध झालं."

मी पडल्या पडल्या म्हणालो, "दाबच नसता तर वाहिलं काय असतं, तुझं डोकं?"

तू हसत राहिलास आणि मला उठायला हात दिलास. त्या हातात मी तीच टोकं टेकवली आणि दुसऱ्या हातानं हँडल फिरवलं. आपल्यात प्रेमाचं बोलणं असं चालायचं.

खोटं कशाला सांगू, तू भयंकर माणूस होतास. मंडईत एका भाजीच्या गाळ्याचं कनेक्शन करताना मी ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून लाईनला हात घालणार, एवढ्यात तू पाठीमागून पक्कड फेकलीस. पोटरीत रुतली. मी कळवळून खाली बसलो तर तू येऊन वर आणखी एक थप्पड दिलीस. "मेलास तर तुझ्या आईपुढे तोंड घेऊन कोण जाणार? मी? मला नाही जमणार ते." गाळ्यावरची बाई म्हणाली, "अहो, मारता कशाला त्यांना?" तू म्हणालास, "तुम्ही वांगी विका." आणि माझ्या पायाला स्वतःचा रुमाल बांधलास. व्रण आहे अजून. तू घरी आलास की आई त्यावरून तुला दोन पोळ्या जास्त वाढायची.

तार जिवंत आहे की मेलेली हे बघताना बोटांची उलटी बाजू लावायची, तळवा नाही, हे तू मला हातावर पट्टी मारून शिकवलंस. करंट लागला की मूठ आपोआप वळते. तळव्यानं तार धरलीस तर तुझीच मूठ ती सोडणार नाही. उलट्या हातानं शिवलीस तर हात झटक्यानं दूर जाईल. आणि दुसरा नियम तुझा रोजचा: न्यूट्रल शेवटी सोडायचा, जोडताना पहिला जोडायचा. मेन पाडल्याशिवाय, म्हणजे मुख्य खटका बंद केल्याशिवाय, त्याला हात लावायचाच नाही. तू हे सांगायचास ते जेवताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. भाभी म्हणायच्या, "निकाह में भी यही बोल रहे थे."

आता कोथरूड.

रविवारची दुपार होती, मॅचचा दिवस. सोसायटीतले दिवे लपलप करतात म्हणून तक्रार होती. जिन्याखाली मीटरचा बोर्ड. आपण पत्रा उघडला, तर न्यूट्रलचा बोल्ट ढिला आणि त्याचा लग, म्हणजे तारेच्या टोकाला दाबलेला तांब्याचा तुकडा, जळून काळा पडलेला. तू म्हणालास, "मेन पाड." सोसायटीचे सेक्रेटरी साठे शेजारी उभे होते, हातात चहाचा कप. ते म्हणाले, "छे छे, मॅच चालू आहे. लाईट घालवायची नाही. नुसता बोल्ट तर आवळायचाय ना?"

"साहेब, मॅच गेली तर परत खेळतील," तू म्हणालास. "टीव्ही गेला तर परत येणार नाही."

"अहो, तुम्हाला काम येतं म्हणून बोलावलंय. येत नसेल तर तसं सांगा."

मी तुला बाजूला घेतलं. म्हटलं, एक आटा फिरवायचाय, कशाला वाद घालतोस, गिऱ्हाईक जाईल. तू माझ्या छातीवर बोट रुतवून म्हणालास, "मेन पाडल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि तूही लावायचा नाहीस. चहाला चाललोय. मी येईपर्यंत त्यांना समजाव." आणि गेलास.

साठे म्हणाले, "तुमचा माणूस भित्रा दिसतो."

माझा माणूस. तू माझा भागीदार होतास, निम्म्याचा. मी ती चूक दुरुस्त केली नाही. उलट हसलो. साठे वर मॅच बघायला गेले आणि मी पाना लावला.

एक आटा. तेवढाच फिरला. जळका लग कटकन तुटला आणि न्यूट्रल माझ्या हातात आला.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांनाही काय झालं ते कळावं म्हणून सांगतो. इमारतीत तीन फेज येतात आणि एक न्यूट्रल. न्यूट्रल जागेवर असतो तोवर प्रत्येक घराला आपापलं दोनशे तीस व्होल्ट मिळतं, शेजारी काय करतो याच्याशी कुणाचा संबंध नसतो. तो तुटला की एका फेजची घरं दुसऱ्या फेजच्या घरांना साखळीसारखी जोडली जातात आणि दोन फेजमधलं चारशे व्होल्ट त्यांच्यात वाटलं जातं. ते वाटप सारखं होत नाही. ज्या बाजूला गिझर, इस्त्री, सगळं धडाक्यात चालू, तिथे अडवणूक कमी, म्हणून दाबही त्यांच्या वाट्याला कमी येतो. ज्या बाजूला एक टीव्ही आणि एक पंखा, तिथे अडवणूक जास्त, आणि जवळजवळ सगळा दाब त्यांच्यावर. ज्यांनी कमी घेतलं त्यांच्यावरच कोसळतं. आणि व्होल्टेज दीडपट झालं की उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. दाब वाढला की वाहणंही त्याच्याबरोबर वाढतं, आणि दोघं मिळून जाळतात.

वर पहिला स्फोट झाला. लगेच दुसरा. काच फुटल्याचा आवाज, आणि मग एका बाईची किंकाळी. साठ्यांचा टीव्ही पेटला होता, त्याच्या ज्वाळेनं पडदा धरला, आणि त्यांच्या बायकोनं तो जळता पडदा हातानं ओढला. नायलॉनचा होता. वितळून कोपरापर्यंत चिकटला.

मेन माझ्यापासून हातभर अंतरावर होती, अन्वर. खटका खाली ओढला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी ओढला नाही. मी फाटकाकडे पळालो. का, ते मला आजही सांगता येत नाही. पाय पळाले.

तू रस्त्यावरून धावत आलास, मला धक्का मारून पुढे गेलास. मेनचा दांडा गंजून घट्ट झालेला. तू दोन्ही हातांनी त्याला लटकलास. निळा जाळ झाला, तुझ्या भुवया गेल्या, आणि सगळी इमारत गप्प झाली. मग जिन्यावर पावलं. पहिले साठे उतरले, मुलाची क्रिकेटची बॅट घेऊन. त्यांना दिसलं ते एवढंच: उघडा बोर्ड, आणि त्यात हात घातलेला तू.

पहिला फटका कानावर बसला. बॅटचा आवाज मॅचमध्ये येतो तसाच आला, कोरडा. तू भिंतीवर आपटलास. मागून बाकीचे आले. कुणाच्या हातात कुकरचं झाकण, कुणाच्या हातात चप्पल, बरेचसे नुसत्या हातांनी. शिकलेली माणसं, बँकेतली, शाळेतली. त्यांना मारता येत नव्हतं, म्हणून ते जास्त मारत होते. कुणीतरी तुझी कॉलर धरून विचारलं, "नाव काय तुझं?"

"अन्वर," तू म्हणालास.

नाव ऐकल्यावर मार वाढला. दीडपट नाही वाढला. दीडपटीचं काय होतं ते वर सांगितलंय.

तोपर्यंत मी फाटकातून परत आलो होतो. माझ्या तळव्याला जळक्या लगची काजळी होती, मी हात खिशात घातले. माझा इस्त्रीचा शर्ट बघून एकजण म्हणाला, "अहो, हा तुमचाच माणूस ना?"

मी म्हणालो, "हो. मी त्याला सांगितलं होतं, मेन पाडल्याशिवाय हात लावू नको म्हणून."

तुझंच वाक्य. एका दमात, एकही शब्द न चुकता. त्यानंतर त्यांना कशाचा संकोच उरला नाही. तू जमिनीवर होतास, कानातून रक्त येत होतं, आणि तू माझ्याकडे बघितलंस. त्या वेळी तुला माझं बोलणं ऐकू गेलं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. दवाखान्यात तू दुसऱ्या दिवशी डोळे उघडलेस आणि विचारलंस ते फक्त, "लग जळालेला होता ना?"

"हो."

"मग त्याला हात लावायचा नसतो," तू म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस.

तो डावा कान गेला. आणि त्याच कानाचा तू दरवाजा केलास. दुकानात मी कधी "अन्वर, त्या दिवशी..." असं सुरू केलं की तू मान वळवून तो कान माझ्याकडे करायचास. "या बाजूनं ऐकू येत नाही, विल्या." एकदा मी उठून दुसऱ्या बाजूला गेलो, तर तू हातातला टेस्टिंगचा दिवा माझ्यावर फेकलास. काच माझ्या गालात. "काम कर!" एवढंच ओरडलास. मला वाटायचं, तू मला शिक्षा करतोयस. आता वाटतं, तू भीत होतास. मी एकदा तोंडानं बोललो असतो तर तुला मला सोडून जावं लागलं असतं, आणि तुला जायचं नव्हतं. असं समजून घेणं मला सोयीचं आहे, हेही मला माहीत आहे.

बाजारानं तुझं नाव ठेवलं, न्यूट्रलशेठ. वायरीच्या दुकानात शिरलास की काउंटरवरून हाक, "या न्यूट्रलशेठ, आज कुणाचं घर?" तू म्हणायचास, "तुमचंच म्हणतोय, फेजसाहेब. टीव्ही नवीन घेतलाय ना?" सगळे हसायचे. मीही हसायचो, तुझ्या बरोबरीनं. परवा कब्रस्तानाच्या फाटकाशीसुद्धा एकजण हळहळून म्हणाला, "न्यूट्रलशेठ गेले, माणूस चांगला." हा लेख मी आपल्या धंद्यातल्या लोकांच्या स्मरणिकेला देणार आहे. त्या सगळ्यांनी, त्यांच्या घरच्यांनीही वाचावा. ती हाक मारायची कुणाला हौस असेल, तर दुकानात मी बसलेला असतो.

तुझी माझी शेवटची भेट मला फार आठवते. तू पलंगावर, छातीला वायरी, आणि त्या वायरी कुणी लावल्या, नीट लावल्या नाहीत, यावरून नर्सशी भांडून झालेलं. माझं मनगट धरलंस. "सांग आता. हे हृदय बंद पडतं, ते व्होल्टेजनं की करंटनं?"

मी म्हटलं, "करंटनं. तू म्हणतोस तेच खरं."

तुझा चेहरा रागानं लाल झाला. उशीजवळची पाण्याची बाटली उचलून मारलीस मला, आणि ती माझ्यापर्यंत पोचलीसुद्धा नाही. "हरतोस काय भडव्या? भांड ना!"

मी भांडलो नाही, रडायला लागलो. तू पुन्हा तो कान माझ्याकडे केलास.

आज एकटाच विचार करतो. तू करंट म्हणायचास, मी व्होल्टेज. मास्तरांनी तिसरी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि तिच्या बाजूनं आपल्यापैकी कुणी भांडलंच नाही. मध्ये कोण उभं आहे, आणि तो किती अडवतो. त्या जिन्याखाली बॅट आणि तू यांच्यामध्ये उभा राहू शकेल असा एकच माणूस होता. त्यानं हात खिशात घातले होते.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आज कोथरूडला जाऊन आलो.

इमारत तीच आहे. रंग नवीन, लिफ्ट बसवलेली. जिन्याखाली मी बघितलं नाही. साठ्यांच्या दारावर तीच पाटी. दार त्यांनीच उघडलं, काठी टेकत. ऐंशीच्या पुढचे असतील. उजवा हात अर्धांगानं लुळा, पोटाशी धरलेला.

"कोण आपण?"

"मी विलास. तुमच्या मीटरबोर्डाचं काम करायला आलो होतो. मॅचच्या दिवशी. काकूंचा हात भाजला."

ते बघत राहिले. विसरले असतील, असं मला वाटत होतं. वाटत कसलं, मला तशी आशा होती. "तो तुमचा माणूस," ते म्हणाले. "त्याचं काय?"

"माणूस नव्हता, भागीदार होता. मागच्या आठवड्यात गेला."

"अरेरे. पण ते सगळं तेव्हाच मिटलं होतं. भरपाई दिली होती तुम्ही."

"चूक त्याची नव्हती. तो मेन पाडायला सांगत होता, तुमच्यासमोरच सांगितलं. तो चहाला गेला तेव्हा मी पाना लावला. न्यूट्रल माझ्या हातात आला. तो आत आला तो लाईट बंद करायला. त्यानं खटका ओढला नसता तर आणखी घरं जळली असती. आणि मी तुम्हाला सांगितलं की मी त्याला बजावलं होतं. ते खोटं होतं."

साठे दाराच्या चौकटीला टेकले. मग म्हणाले, "मॅच चालू आहे, असं मी म्हणालो होतो."

"हो."

"फार मारलं आम्ही त्याला."

"हो. नाव ऐकल्यावर जास्त."

यावर ते रागावतील, दार लावतील, असं वाटलं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून नीट पोटाशी धरला. लहान मूल सावरावं तसा.

"म्हणजे तेव्हा तुम्हाला मारायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"हो."

आतून काकूंचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

"इलेक्ट्रिशियन!"

"आपण कुठे बोलावलाय?"

"बोलावला नाही," साठे माझ्यावरची नजर न काढता म्हणाले. "आपला एक मारायचा राहिला होता. तो आलाय."

तिथून सरळ भाभींकडे गेलो. त्या आत, मी बाहेर. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, साठ्यांचं ते बोलणंसुद्धा. भाभींनी विचारलं, "और तुम क्या बोले?"

मी म्हणालो, "बरोबर आहे म्हणालो, भाभी. आणि तिथेच उभा राहिलो."